सृष्टीची नोंदवही

धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुने लाकडी कपाट असते. स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांच्या वह्या त्यात जपून ठेवलेल्या असतात. कुणाला आजोबांचे नाव सिद्ध करायचे असते, कुणाचा विवाह दूरच्या धर्मग्रामात ठरलेला असतो, कुणाला परदेशी जायचे असते. कपाट उघडते, वही निघते आणि पिवळ्या पडलेल्या पानावरची एक ओळ त्या माणसाचे काम करून जाते. त्या ओळीत फार काही नसते. नाव, तारीख, ठिकाण, आईवडील, धर्मपिता व धर्ममाता म्हणजे साक्षीदार, आणि शेवटी नोंद करणाऱ्या धर्मगुरूची सही. परंतु ही ओळच नसेल तर जिवंत माणूस समोर उभा असूनही त्याचे काम अडते. धर्मगुरू म्हणून हा अनुभव आम्ही अनेकदा घेतला आहे.

माणसांची अशी नोंद ठेवण्याची शिस्त ख्रिस्तसभेने शतकानुशतके पाळली. माणसाबरोबर देवाने जी झाडे, जे मासे, जे पक्षी निर्मिले त्यांच्या नोंदीचे काय? हा प्रश्न आज पालघर, बोईसर आणि तारापूरच्या माणसाला सहज टाळता येण्यासारखा नाही. आपल्या डोळ्यांदेखत येथील किनारा, खाडी आणि रान बदलत आहे. काय होते आणि काय गेले हे सांगायचे तर आधी काय होते ते कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. या लेखनाचा इतिहास आपल्याच किनाऱ्याशी निगडित आहे आणि त्यात आपल्या धर्मगुरूंचाही वाटा आहे. तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटले.

इसवी सन १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. पुढे मुंबईचे बेटही ओर्ताला पोर्तुगीज राजसत्तेकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. गोव्यात १५५६ साली छापखाना आला आणि सात वर्षांनी, १५६३ साली, ओर्ताने भारतातील औषधी वनस्पतींवरचा आपला संवादरूप ग्रंथ तेथेच छापून घेतला. ग्रंथात दोन वैद्य बोलत आहेत. एक जण ग्रीक आणि अरब आचार्यांचे दाखले देतो. दुसरा, म्हणजे स्वतः ओर्ता, आपण येथे प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगतो. येथले वैद्य, हकीम आणि व्यापारी यांना त्याने विचारले, वनस्पतींची निरनिराळ्या भाषांतील नावे टिपली. अंतोनिया नावाची दासी मधूनच एखादी वनस्पती आणून दाखवते. युरोपातील विद्वानांना आंबा, फणस, विड्याचे पान यांची डोळ्यांनी पाहिलेली माहिती अशा रीतीने मिळाली.

या ग्रंथकाराची शेवटची कथा मात्र आपल्याला खाली मान घालावयास लावणारी आहे. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायपीठाने त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्याची शिक्षा दिली आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालच्या मार्च महिन्यात ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या अपराधांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत ओर्ताच्या घराण्याचे दुःखही सामावलेले आहे असे आम्ही समजतो. ज्याने आपल्या भूमीतील झाडांची नावे लिहिली, त्याचेच नाव पुसण्याचा प्रयत्न झाला. पण ग्रंथ उरला आणि नावही उरले.

पुढील शतकात असेच काम मलबारात झाले. डच अधिकारी व्हान रीड याने 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे आहेत. या कामास आरंभी फादर मॅथ्यू या कार्मेलाईट धर्मगुरूंची मदत झाली. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने घरातील परंपरागत ज्ञान दिले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणीभाषक वैद्यांनीही मोठा हातभार लावला. त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. आम्हांला त्या ग्रंथाचे मोल याच गोष्टीत अधिक दिसते. माहिती कुणी दिली हे तेथे लपविलेले नाही. साक्षीदारांची नावे ग्रंथाच्या आरंभीच आहेत.

तथापि नावांचा गोंधळ उरलाच होता. एकाच झाडाला गोव्यात एक नाव, वसईत दुसरे, लिस्बनमध्ये तिसरे. स्वीडनच्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींसाठी आणि १७५८ साली प्राण्यांसाठी दोन शब्दांच्या नावाची पद्धत रूढ केली. आपल्या घरातील उपमा द्यायची तर पहिला शब्द आडनावासारखा आणि दुसरा व्यक्तीच्या नावासारखा. वनस्पतींची नावे ठरविताना लिनिअसने मलबारच्या त्या ग्रंथाचाही उपयोग केला. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या याद्या झाल्या. जॉन ग्रॅहॅम यांची १८३९ साली, डॅलझेल आणि गिब्सन यांची १८६१ साली आणि थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पशुपक्ष्यांच्या नोंदी आणि नमुने यांना कायमचे घर दिले.

आता आपल्या धर्मगुरूंकडे वळू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडमधील येशूसंघीय वनस्पतिशास्त्र शिकवीत. तेथील वनस्पतिसंग्रहालय १९०६ साली सुरू झाले. तेच आज 'ब्लॅटर हर्बेरियम' म्हणून ओळखले जाते. पक्षितज्ज्ञ सालिम अली तरुणपणी व्यापारविषयक शिक्षण घेत असताना त्यांचा खरा ओढा ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविणारे फादर ब्लॅटर हेच. चार्ल्स मॅककॅन यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३५ साली, प्रसिद्ध झाला. ज्या गवतावर आपण पाय देऊन चालतो त्याच्या एकेका पात्याकडे इतक्या आदराने पाहणारा मनुष्य विरळाच.

त्यांच्या परंपरेतले पुढचे मोठे नाव फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे. ते १९०३ साली स्पेनमध्ये जन्मले आणि भारताचेच झाले. खंडाळ्याच्या घाटात वर्षानुवर्षे फिरून त्यांनी तेथील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते देवाघरी गेले. सह्याद्रीत पावसाळ्यात उमलणाऱ्या कंदीलपुष्पांच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. त्याच ब्लॅटर हर्बेरियममधून डॉ. मार्सेलिन आल्मेडा यांनी महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील आपला अनेक खंडांचा ग्रंथ १९९६ पासून प्रसिद्ध केला.

अशा संग्रहालयात काय असते? जाड कागदाला शिवलेली किंवा चिकटविलेली, दाबून वाळविलेली एक फांदी. तिच्यावर फूल किंवा फळ असावे लागते, कारण नुसत्या पानावरून ओळख पटेलच असे नाही. कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. वनस्पतीचे नाव, गोळा केल्याची तारीख, ठिकाण, गोळा करणाऱ्याचे नाव आणि ओळख पटविणाऱ्याचे नाव. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की ही स्नानसंस्काराच्या वहीतील ओळच आहे. पुढे एखाद्या विद्वानाला आधीची ओळख चुकीची वाटली तर तो जुनी चिठ्ठी फाडीत नाही. तिच्या शेजारी आपल्या सहीची नवी चिठ्ठी लावतो. आपल्या वहीतही चूक खोडून टाकीत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात.

गेल्या तीस वर्षांत हे कपाट साऱ्या जगासाठी उघडले गेले. मनिला येथे डॅनिएल पॉली आणि रेनर फ्रोझे यांनी जगातील माशांचा 'फिशबेस' हा संगणकीय कोश रचला. तो १९९६ पासून इंटरनेटवर आहे. त्यात शास्त्रीय नावांबरोबर लोकांच्या बोलीतील नावेही घेतली जातात. २००१ साली अनेक राष्ट्रांनी मिळून 'जीबिफ' ही संस्था स्थापिली. तिचे कार्यालय कोपनहेगनला आहे आणि संग्रहालयांतील जुन्या चिठ्ठ्यांपासून आजच्या छायाचित्रांपर्यंत अब्जावधी नोंदी तिच्याकडे एकत्र आल्या आहेत. २००८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून 'आयनॅचरॅलिस्ट' सुरू केले. त्याच वर्षी आपल्या देशात 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'चा आरंभ झाला.

आयनॅचरॅलिस्टची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपण एखाद्या फुलाचे किंवा किड्याचे छायाचित्र काढतो. त्याबरोबर तारीख आणि ठिकाण नोंदले जाते. संगणक संभाव्य नाव सुचवितो. पण ते नुसते सुचविणेच होय. मग जगात कुठेतरी बसलेला जाणकार ते पाहून आपले मत देतो, दुसरा त्यास दुजोरा देतो किंवा विरोध करतो. मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले म्हणजे ती नोंद संशोधनास योग्य ठरते आणि अशा पुष्कळ नोंदी पुढे जीबिफकडे जातात. एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊ नये, दोघांची किंवा तिघांची साक्ष हवी, हा अनुवादाच्या पुस्तकातील दंडक येथे नव्या वेषात भेटतो. दुर्मीळ जीवांचा नेमका पत्ता तेथे मुद्दाम अस्पष्ट ठेवतात, कारण पत्ता शिकाऱ्याच्या आणि चोराच्याही कामी येतो.

सामान्य माणसाच्या अशा नोंदींनी काय साधते? पक्ष्यांच्या नोंदीसाठी 'ईबर्ड' नावाचा कोश २००२ पासून आहे. आपल्या देशातील सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी त्यात केलेल्या तीन कोटी नोंदी तपासून २०२३ साली भारतातील ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अहवाल निघाला. त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे असे त्यात म्हटले आहे. या निरीक्षकांत शिक्षक होते, कारकून होते, विद्यार्थी होते. प्रत्येकाने आपल्या अंगणातले किंवा गावाबाहेरच्या तळ्यावरचे पक्षी मोजले, एवढेच.

आता हे सारे घेऊन आपल्या किनाऱ्यावर येऊ. सातपाटीचे पापलेट कुणाला ठाऊक नाही? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्यास राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी घोळ हा गुजरातचा राज्यमासा झाला. या घोळ माशाचे मोल आपल्या मुरबे गावाने २०२१ साली पाहिले, जेव्हा एका बोटीच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि एक कोटीहून जास्त रुपयांना विकले गेले. घोळीची किंमत तिच्या पोटातील भोताची. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या माशाला तो भाव मिळत नाही. नेमकी ओळख ही पंडितांचीच गरज आहे असे कुणी समजू नये.

पापलेटचेच पाहा. 'पॅम्पस अर्जेंटियस' हे त्याचे शास्त्रीय नाव म्हणून आपण पुस्तकांत वाचत आलो. ते नाव १७८८ साली चीनकडील माशावरून दिलेले. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ साली भारतीय समुद्रातील रुपेरी पापलेटास 'कॅन्डिडस' असे वेगळे नाव दिले होते, परंतु ते मागे पडले. आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी माशांची ठेवण आणि आनुवंशिक द्रव्य पुन्हा तपासले आणि आपल्याकडील पापलेट चीनकडच्याहून निराळे आहे असे २०१९ साली मांडून ते जुने नाव पुन्हा वर काढले. दुसरीकडे, ज्याला इंग्रजीत काळे पॉम्फ्रेट म्हणतात तो हलवा वस्तुतः पापलेटच्या कुळातला नव्हेच. आमच्या कोळी, मांगेला भगिनींनी टोपलीत हलव्याला कधी पापलेट म्हटले नाही. त्यांच्या बोलीने जो भेद सांभाळला तो इंग्रजी नावाने पुसला होता. २०२३ सालीच शासनाने पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरविली, त्याहून लहान मासे धरू नयेत म्हणून. कायदाही जातीच्या नावाने बोलतो. नाव चुकले तर कायदाही चुकतो.

तारापूरचा विषय अधिक नाजूक आहे. अणुवीज केंद्र येथे १९६९ साली सुरू झाले. पुढील विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. बोईसरलगतच्या कारखान्यांनी हजारो घरांत चूल पेटविली, त्यांत आमच्या धर्मग्रामातील कुटुंबेही आहेत. पण कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने भरपाईचा आदेश दिला. आता वाढवणच्या बंदराचा पाया २०२४ च्या ऑगस्टमध्ये घातला गेला आहे. बंदर असावे की नसावे, याविषयी आमच्या वाचकांत दोन्ही मतांचे लोक आहेत. येथे आमचे म्हणणे तेवढ्यापुरते नाही.

आमचे म्हणणे असे की, बोईसरच्या आठवड्याच्या बाजारात मासळी घेऊन बसलेली म्हातारी जेव्हा म्हणते की या खाडीत पूर्वी निवटे होते, कालवे होती, ती खोटे बोलत नाही. पण किती होती, कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यात, कोणत्या खडकावर? ती सांगू शकते, परंतु ते कुठे लिहिलेले नाही. आणि चौकशीच्या टेबलावर जे लिहिलेले नाही ते नव्हतेच असे धरले जाते. संगणकाच्या नकाशावरही जेथे पक्का रस्ता आणि हातात चांगला फोन आहे तेथे नोंदी दाट, आणि जव्हार-मोखाड्याच्या आतील पाड्यांत किंवा भरतीच्या चिखलात विरळ. कोरा नकाशा पाहून कुणी म्हणेल, येथे काही नाही. नोंद नसणे आणि जीव नसणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नोंदवहीत नाव नाही म्हणून त्या मुलाचा स्नानसंस्कार झालाच नाही असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते सिद्ध करताना किती यातायात पडते तेही आम्हांला माहीत आहे.

आपल्या देशाने यावर एक उपाय कायद्यात ठेवला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावातील झाडे, पिकांची वाणे, मासे, औषधे आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान तीत यावे अशी अपेक्षा आहे. अशी वही घाईने, दुसऱ्या गावच्या यादीवरून उतरवून भरली गेली तर तिच्यापासून लाभ नाही. ती खरी व्हावी यासाठी गावातल्या माणसांनी पुढे यावे लागते. आपल्या पंचायतीची वही आपण कधी पाहिली आहे काय? आम्ही स्वतः हा प्रश्न फार उशिरा विचारला, हे कबूल करतो.

सर्वांत मोठी उणीव नावांची आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर आदिवासी भगिनी बाजारात शेवळे आणतात. शेवळांची खाज मोडायला त्यांत काकडांचा रस घालावा लागतो, हे त्यांच्याकडूनच आपल्या स्वयंपाकघरांनी शिकले. जगाचे कोश शेवळाला 'ॲमॉर्फोफॅलस कॉम्म्यूटॅटस' म्हणून ओळखतात, पण काकडांची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. उलट याच पावसात फुलणाऱ्या कळलावीचा कंद अत्यंत विषारी असतो. तो ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. तेव्हा फोनने नाव सांगितले म्हणून कोणतीही रानभाजी किंवा कंद खाऊ नये. जाणत्या माणसाला विचारावे.

आमची सूचना साधी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या वाडीतील एक झाड, एक पक्षी किंवा एक मासा निवडावा. आजीला, शेजारच्या वारली काकांना, बंदरावरच्या तांडेलाला त्याचे नाव विचारावे. वाडवळीत काय म्हणतात, मांगेलीत काय, वारलीत काय, हे लिहावे. ज्याने सांगितले त्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. कुणी औषधाचे ज्ञान सांगितले तर ते त्या माणसाचे आणि त्याच्या समाजाचे धन आहे. त्याच्या परवानगीवाचून ते जगापुढे ठेवू नये. छायाचित्र फूल, पान आणि खोड अशा तिन्ही बाजूंनी घ्यावे, झाड उपटू नये. मग ती नोंद कोशात घालावी आणि एक प्रत साध्या वहीतही ठेवावी, कारण संगणक बदलतात, संस्था बंद पडतात, कागद पुष्कळदा टिकून राहतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव वनपशू आणि पाखरे मनुष्यापुढे आणतो आणि तो त्यांना कोणती नावे देतो ते पाहतो. या कथेचा अर्थ मनुष्य मालक झाला असा पुष्कळ काळ लावला गेला. आम्हांला तो स्नानसंस्काराच्या वहीजवळ बसून वेगळा वाटतो. ज्याचे नाव आपण घेतो त्याची जबाबदारी आपल्याकडे येते, जशी ती धर्मपित्याकडे येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात, आपल्या मुलांना कधीच पाहता येणार नाहीत अशा नष्ट होणाऱ्या जीवजातींविषयी जे दुःख व्यक्त केले ते याच जबाबदारीचे दुःख आहे.

आमच्या कपाटातील वह्यांत पुढील वर्षाची पाने कोरी आहेत. तशीच या किनाऱ्याच्या वहीतही पुष्कळ पाने कोरी आहेत. पहिली ओळ लिहिण्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. नाव, तारीख, ठिकाण आणि साक्षीदार, एवढे पुरे आहे.